फोटोग्राफी इंटर्नशिपच्या अहवालात ‘काय शिकलो’ याखाली नेमकं काय लिहावं?

निळी_चौकट
इंटर्नशिप संपत आली आहे. थोडे इव्हेंट, थोडं स्टुडिओतलं प्रॉडक्ट शूट आणि एडिटिंग असं मिश्र काम होतं. आता कॉलेजला अहवाल द्यायचाय. त्यात ‘शिकलेले धडे’ हाच मोठा भाग, आणि ‘टीमवर्क, संयम, वेळेचं नियोजन’ याच्या पुढे गाडी सरकत नाहीये. रोजच्या नोंदी फारशा नाहीत, पण सगळ्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातून आलेले मूळ, प्रक्रिया न केलेले फोटो) डिस्कवर आहेत. त्यातून कामाचं काही कसं काढायचं? आणि नाकारले गेलेले फोटो अहवालात दाखवावेत की नकोत?

तिपाई
नाकारलेल्या फोटोंपासूनच सुरुवात करा, खरा ऐवज तिथेच आहे. निवडलेल्या फोटोतून सगळं जमून आलं एवढंच कळतं. काय बिघडतं आणि का, हे कळतं ते नाकारलेल्यांतून.

लाइटरूममध्ये (फोटो निवडायचं आणि सुधारायचं सॉफ्टवेअर) नाकारलेले सगळे एकत्र काढा आणि प्रत्येकाला कारणाचा एकच कीवर्ड द्या: हात हलला, माणूस हलला, फोकस चुकला, हायलाइट जळले (उजळ भाग पार पांढरे झाले), डोळे मिटले. पाच-सहा कारणांच्या वर जाऊ नका, नाहीतर कुठलाच ढीग मोठा होत नाही आणि सवय दिसत नाही. मग लायब्ररी फिल्टरमध्ये मेटाडेटा उघडून लेन्स, फोकल लेंग्थ आणि शटर स्पीड लावा. कुठल्या लेन्सवर कुठल्या स्पीडला फोटो वाया गेले, हे लगेच समोर येतं. नोंदी नसल्या तरी एक्झिफ (कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये आपोआप लिहितो ती सेटिंगची माहिती) आहे, तीच तुमची रोजनिशी.

पहिली तीन कारणं वेगळी ओळखता आली पाहिजेत, कारण उपाय वेगळे आहेत. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करून बघा. मागच्या भिंतीसकट सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. भिंत स्वच्छ आणि फक्त बोटं, ओठ पुसट असतील तर माणूस हलला. नाक किंवा कान धारदार आणि डोळे मऊ असतील तर फोकस चुकला. हात हलत असेल तर फोकल लेंग्थचा जुना ठोकताळा वापरा: २०० एमएमला किमान १/२०० सेकंद, क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) दीडपट धरून १/३००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे मदत करतं. माणूस हलत असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही, स्पीडच वाढवावा लागतो: व्यासपीठावर बोलणाऱ्याला १/१६०च्या आसपास, चालणाऱ्याला १/२५०, नाचणाऱ्याला १/५०० किंवा वर.

आता हे लिहायचं कसं? परिस्थिती, निर्णय, परिणाम, कारण, पुढच्या वेळचा बदल, या क्रमाने. नमुना देतो:

‘सभागृहात एलईडी दिवे होते. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर, १/६४०, आयएसओ ३२००. आडव्या फोटोंत चेहऱ्यावर आडवे पट्टे आले, कॅमेरा उभा धरलेल्या फोटोंत तेच पट्टे उभे. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असला की असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं. त्यामुळे काही ओळी दिवा तेजीत असताना वाचल्या गेल्या, काही मंद असताना. पुढे मेकॅनिकल शटर, १/१०० आणि अँटी-फ्लिकर चालू.’

या परिच्छेदात ‘मी तांत्रिक ज्ञान मिळवलं’ असं कुठेही म्हटलेलं नाही, तरी वाचणाऱ्याला ते कळतं. एक पुस्ती मात्र जोडा: स्टेजवरचे डिम केलेले दिवे आणि एलईडी पडदे याहून बऱ्याच जास्त वेगाने लुकलुकतात, तिथे १/१०० नेही पट्टे जातीलच असं नाही. शटर स्पीड थोडाथोडा सरकवत चाचणी फोटो काढावे लागतात.

काळा_पडदा
वरचं पटलं. पण स्टुडिओच्या भागाला एक्झिफ पुरत नाही, कारण लाइट कुठे होता हे त्यात नसतं. प्रत्येक सेटअपचा वरून दिसेल तसा साधा नकाशा काढा आणि अंतरं मीटरमध्ये लिहा. बहुतेक धडे त्या अंतरांतच असतात.

प्रॉडक्ट शूटमधली नेहमीची तक्रार घ्या: पांढरा बॅकग्राउंड करडा का आला? समजा सॉफ्टबॉक्स (कापडातून प्रकाश मऊ करणारी पेटी) वस्तूपासून १ मीटरवर आहे आणि कागद वस्तूच्या मागे आणखी २ मीटरवर. म्हणजे लाइटपासून कागद ३ मीटर. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून कागदाला वस्तूच्या १/९ उजेड मिळतो, तीन स्टॉपहून थोडा जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). करडा येणारच. तोच लाइट ३ मीटरवर नेला तर कागद ५ मीटरवर पडतो आणि फरक जेमतेम दीड स्टॉप राहतो. पण तेवढाच सॉफ्टबॉक्स लांब गेल्यावर लहान ठरतो, सावल्या कडक होतात. म्हणून कागदाला वेगळा लाइट देतात. हे गणित नकाशाशेजारी लिहिलंत तर परीक्षकाला आणखी काही सांगावं लागणार नाही.

फ्लॅशच्या फोटोत एका कडेला काळी पट्टी आली असेल तर तोही घ्या. सिंक स्पीडच्या (साधा फ्लॅश चालतो तो सर्वात जलद शटर स्पीड) वर, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेलं की सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा नसतोच, झाकलेल्या भागावर फ्लॅश पडत नाही.

आणि हमाली वाटणारं काम वगळू नका. सी-स्टँडचा (तीन पायांचा लाइट स्टँड) सर्वात उंच पाय बूमच्या (लाइटच्या आडव्या दांड्याच्या) खाली, सँडबॅग त्याच पायावर, आणि ग्रिप हेडचा (दांडा पकडणाऱ्या सांध्याचा) नॉब अशा बाजूला की वजनाने तो घट्ट होईल, सैल नाही. उलटा लावला तर लाइट हळूहळू खाली येतो आणि बराच वेळ कुणाच्या लक्षात येत नाही. असिस्टंटची पारख यावरूनच होते.

दोन_कार्ड
फाइल हाताळणीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. इंटर्नकडे सहसा हेच काम असतं आणि अहवालात त्याची एक ओळही नसते.

बहुतेक कॅमेऱ्यांत फाइलचा क्रमांक चार आकडी, ९९९९ नंतर पुन्हा ०००१. दोन कॅमेऱ्यांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकले की एकाच नावाच्या दोन फाइल्स समोरासमोर येतात, आणि घाईत ‘रिप्लेस’ दाबलं की एक गेली. म्हणून इंपोर्ट करतानाच तारीख, कामाचं नाव आणि कॅमेऱ्याचं अक्षर नावात घालायचं. शूटच्या आधी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवायची, नाहीतर वेळेनुसार लावल्यावर केक कापण्याआधीच टाळ्या दिसतात. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत झाल्याशिवाय आणि फाइल्स उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही, फॉरमॅट कॅमेऱ्यातच.

तुमच्या टीमची हीच साखळी कशी होती ते लिहा. ती कुठे तुटू शकली असती, तेही लिहा.

निळी_चौकट
सगळ्यांचे आभार. दोन शंका: इतके आकडे आले तर अहवाल मॅन्युअलसारखा वाटणार नाही का? आणि क्लायंटच्या कामातले फोटो वापरता येतील?

तिपाई
धडे चारच घ्या, पण प्रत्येकाला दीड-दोन पानं द्या. ज्या प्रसंगानंतर तुमची पद्धत बदलली तेवढेच निवडा. बिघडलेला आणि सुधारलेला फोटो शेजारी-शेजारी, खाली एका ओळीत सेटिंग. मग आकडे फोटोला चिकटतात, रुक्ष वाटत नाहीत.

ग्रुप फोटोत डोळे मिटल्याचा ढीग मोठा असेल तर एक छान आधार आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी याचं गणित मांडलं, २००६ चं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) त्यांना मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. तेवढे फोटो काढले तर एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची भरपूर शक्यता. तुमच्या रॉ फाइल्सवर हा नियम तपासून पाहा, त्या पानाला वजन येईल.

परवानगी लेखी घ्या, ईमेल चालेल. त्यात तीन गोष्टी वेगळ्या विचारा: कॉलेजच्या अहवालासाठी, ऑनलाइन पोर्टफोलिओसाठी, आणि नावाचं क्रेडिट कसं द्यायचं. स्टुडिओने हो म्हटलं तरी क्लायंटचा होकार वेगळा लागू शकतो. बाजारात न आलेलं प्रॉडक्ट किंवा लहान मुलांचे चेहरे असतील तर ते फोटो बाजूला ठेवा आणि त्यांच्या जागी लाइटचा नकाशा छापा.