वडगावला इंग्रज जिवंत सोडले, ही चूक होती?

मावळवाट:
काल एका गटात वाचलं: "१७७९ला वडगावला इंग्रज फौज जाळ्यात सापडली होती. महादजी शिंद्यांनी ती कापून काढली असती तर १८१८, पेशवाई बुडाली ते साल, उजाडलंच नसतं." खाली नुसती वाहवा. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

फौज होती चार हजारांच्या आसपास, तीही ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारची. राघोबादादांना पुण्याच्या कारभारावर बसवायला निघालेली. घाट चढून रडतखडत तळेगावला पोचले तर गाव ओस, दाणावैरण जाळून टाकलेली. ११ जानेवारीच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून मागे फिरले आणि वडगावला कोंडले गेले. ती सगळी कापली असती तरी कलकत्त्याला कंपनीचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज शाबूत होता, त्याचा सेनानी गॉडार्ड बंगालची फौज घेऊन नर्मदेवर आलेला होता. इकडे तहात साष्टी, म्हणजे मुंबईलगतचं ठाण्याचं बेट, परत, गॉडार्ड माघारी, दादा आपल्या हाती. एवढं पदरात पडत असताना कत्तल कशाला करायची?

सातबारा:
पदरात काय पडलं हो? कागद! इंग्रज फौजेबरोबर आलेल्या कार्नाक आणि मंडळींनी आधीच सांगितलं होतं, तह करायचा अधिकार आम्हाला नाही. तरी सही घेतली. आमच्या आजोबांनी वाटणीच्या कागदावर भाऊबंदाच्या कारभाऱ्याची सही घेतली होती, मुखत्यारपत्र न बघता. वडिलांची वीस वर्षं तारखांना गेली, बांध अजून तिथेच आहे. इथेही तेच. फौज मुंबईला सुखरूप पोचली आणि मुंबईने, मग हेस्टिंग्जने तह झिडकारला. साष्टीत आपलं ठाणं बसेपर्यंत एकही शिपाई हलू द्यायचा नव्हता.

मावळवाट:
ओलीस ठेवले होते ना! फार्मर आणि लेफ्टनंट स्ट्युअर्ट.

सातबारा:
दोन माणसांसाठी कंपनी साष्टी सोडेल? आणि महादजींना भडोच कबूल झालं, त्यांच्या माणसांना ४१ हजार रुपये, ते का गाळलंत?

मावळवाट:
गाळलं नाही. पण त्यावरून महादजी विकले गेले असं सुचवत असाल तर तोंड सांभाळून बोला. पुढची दोन-तीन वर्षं माळव्यात इंग्रजांशी कोण झुंजलं?

घाटमाथा:
तुम्ही दोघं भांडताय त्यात आमचा इष्टुर फाकडा राहिलाच. कॅप्टन स्ट्युअर्ट, ४ जानेवारीला कार्ल्याला पडला तो. ओलीस राहिलेला वेगळा. वडगावात फाकड्याची, म्हणजे त्या शूर गड्याची, समाधी आहे. लहानपणी आजी मला तिथे घेऊन जायची. नारळ फोडायची, खोबऱ्याचा पहिला तुकडा दगडावर ठेवायची, मग मला द्यायची.

तोफखाना:
हेच मला सहन होत नाही! आपल्यावर चाल करून आलेल्याला नारळ, आणि भिवराव पानशांचं नाव किती जणांना माहीत आहे? घाटापासून तोफांनी त्यांना हैराण करणारे पानसे होते. आमच्या शाळेत वडगाव एका ओळीत संपलं, त्यातही फक्त महादजी. तिथे लढलेले हरिपंत फडके नाहीत, तुकोजी होळकर नाहीत. पुजायची हौसच असेल तर आपल्या गोलंदाजांना पुजा. ही गुलामी आहे.

घाटमाथा:
माझ्या आजीला गुलाम म्हणू नका. फाकडा हे नाव इंग्रजांनी नाही दिलं, समोर लढणाऱ्या मराठ्यांनी दिलं. शत्रू शूर होता हे सांगायला जिंकलेल्यालाच छाती लागते.

तोफखाना:
आजींबद्दल बोलायचं नव्हतं, तो शब्द मागे घेतो. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही. मी दोनदा वडगावला गेलोय. पानशांचं काही आहे का विचारलं, तर लोकांनी मला फाकड्याच्या समाधीचा रस्ता दाखवला.

घाटमाथा:
ते खरं आहे. पानशांसाठी पाटी लावायची असेल तर मी तुमच्याबरोबर येईन. नारळ मात्र थांबणार नाही.

मावळवाट:
मूळ मुद्द्यावर या. सातबारा, एक मान्य करते, नाइलाजाने. दादांना झाशीकडे रवाना केलं तो पहारा ढिला होता. नर्मदेकाठी ते निसटले आणि सुरतेला गॉडार्डला जाऊन मिळाले. ती चूक महादजींच्या पदरात घाला. पण परिणामही बघा. कंपनीने कार्नाक आणि त्या फौजेचे सेनापती एगर्टन, कॉकबर्न अशा तिघांना नोकरीतून काढलं. नाना फडणवीसांनी म्हैसूरचा हैदर, निजाम, नागपूरकर भोसले यांना एका बाजूला आणलं. १७८१ला खुद्द गॉडार्ड बोरघाट चढून आला, त्यालाही हरिपंतांनी आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी मार देत परत पाठवलं. वडगावने दिलेली ही हिंमत होती.

सातबारा:
गॉडार्डचं मान्य. पण मधे अहमदाबाद गेलं, वसई गेली, महादजींचं ग्वाल्हेर गेलं. हिंमतीबरोबर हेही मांडा.

ठाणेकर:
मी ठाण्यात वाढलो. शाळेच्या वाटेवर किल्ल्याची भिंत लागायची, आत तुरुंग. १७३७ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत घेतलेला तो किल्ला १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला, तो घेतलाच. १७८२ला हे युद्ध संपवणाऱ्या सालबाईच्या तहात वसई परत आली, साष्टी नाही. तो तह घडवून आणला महादजींनीच. वडगावला कागदावर का होईना मिळवलेली साष्टी सालबाईला का सोडली, ते सांगा कुणीतरी.