१ चौकट – १ इस्पिक, हातात १७ गुण आणि इस्पिकची तीनच पानं: आता काय बोलायचं?

किलवर_सत्ती
ब्रिजचा टीम सामना, दोन्ही बाजू व्हल्नरेबल (गेमचा बोनस मोठा, बुडाल्यावर दंडही मोठा), मी डीलर, म्हणजे पहिली बोली माझी. पानं अशी (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ गुण):

इस्पिक: एक्का, राजा, ४
बदाम: ५
चौकट: एक्का, राणी, गुलाम, ७, ६, ३
किलवर: राजा, ८, ४

मी १ चौकट, भिडू १ इस्पिक, प्रतिस्पर्धी दोन्ही वेळा पास. पद्धत स्टँडर्ड, पाच पानी मेजर (१ बदाम किंवा १ इस्पिकने उघडायला त्या रंगाची पाच पानं लागतात). ३ चौकट म्हटलं तर इस्पिकचा आधार झाकला जातो. ३ इस्पिक म्हटलं तर चार पानं असल्याचं वचन दिलं जातं. २ किलवरवर भिडू पास करू शकतो. मग काय बोलावं?

आधी_हुकूम
३ चौकट. सहा चांगली चौकट आणि १६-१७ गुण, दोन्ही खरं सांगितलं जातं. भिडूकडे पाच इस्पिक आणि बरे पत्ते असतील तर तो ३ इस्पिक म्हणेल, तुम्ही ४ कराल.

३ इस्पिकही मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. ४-३ च्या हुकमात (भिडूकडे चार, तुमच्याकडे तीन) भीती असते ती चार हुकूमवाल्या बाजूला वारंवार कापावं लागण्याची. इथे एकटं बदाम तीन हुकूमवाल्या हातात आहे, म्हणजे कापाकापी आखूड बाजूला होते आणि भिडूचे चार हुकूम शाबूत राहतात. पण भिडू चार पानं धरून स्लॅमकडे (बारा-तेरा हातांच्या बोलीकडे) निघाला तर त्याला आवरायला बोली उरत नाही, म्हणून माझं मत ३ चौकटलाच.

पाच_तीन_फिट
३ चौकट कुठे फसतं ते पाहा. भिडूचे पत्ते असे धरा:

इस्पिक: राणी, गुलाम, ८, ७, ५
बदाम: ९, ७, ४, ३
चौकट: राजा, ५
किलवर: ७, ६

सहा गुण. ३ चौकट ही सक्तीची बोली नाही, त्यामुळे इथे पास करणारे खूप निघतील आणि त्यांना दोष देता येत नाही. पण ४ इस्पिक, म्हणजे दहा हातांचा गेम, जवळजवळ हमखास होतो. पहिल्याच उतारीला किलवर आलं आणि एक्का डमीच्या (म्हणजे टेबलावर उघडलेल्या तुमच्या पानांतल्या) राजामागे बसलेला असला, तरी दोन किलवर आणि एक बदाम एवढेच हात जातात. इस्पिकचे पाच आणि चौकटचे सहा तयार आहेत.

माझी बोली २ बदाम. हो, एकाच पानावर रिव्हर्स (दोनच्या पातळीवर पहिल्यापेक्षा वरचा नवा रंग; जोरदार हात, आणि एरवी त्या रंगाची चार पानं). कारण ऐका. भिडूकडे चार इस्पिक आणि चार बदाम असते तर त्याने खालून वर जात आधी १ बदाम म्हटलं असतं. चार इस्पिक, पाच बदाम असते तरी १ बदामच. म्हणजे १ इस्पिक म्हणून तो आता बदाम उचलतो, तेव्हा त्याच्याकडे निदान पाच इस्पिक असतातच. इस्पिकचा ५-३ मेळ सापडला! त्याने ३ बदाम म्हटलं की तुम्ही ३ इस्पिक, ४ बदाम म्हटलं की ४ इस्पिक. इस्पिक बदामाच्या वर असल्यामुळे एकही पायरी जास्त चढावी लागत नाही.

३ किलवरला ही सोय नाही. एक तर गेमची सक्ती होते, आणि भिडूने ४ किलवर केलं की ३ नो ट्रंप (बिनहुकूम गेम) हातचं गेलं.

आधी_हुकूम
खालून वरचा मुद्दा पटला. पण २ बदामनंतरचं ठरलेलं नसेल तर घोळ होतो. २ इस्पिक म्हणजे पाच पानं आणि एक फेरी सक्ती, हे भिडूशी आधीच बोललेलं हवं. मग तुम्ही सरळ ४ इस्पिक करा. २ नो ट्रंप कमजोरी दाखवण्यासाठी ठेवलं असेल, तर त्यावर ३ इस्पिकचा अर्थ काय, हेही.

खरा धोका स्प्लिंटरचा (उडी मारून केलेली बोली: तुमच्या रंगाला आधार, आणि बोललेल्या रंगाचं फार तर एक पान). भिडू बदामावर खूश होऊन ४ किलवर म्हणाला, तर तुमचं ४ इस्पिक त्याला कंट्रोल (इस्पिकवर पकड आहे असं सांगणारी बोली) वाटेल आणि तो बदामातच पुढे जाईल.

आणखी एक. असा रिव्हर्स तुमच्या जोडीत ठरलेला असेल, तर प्रतिस्पर्ध्यांना ते कळायलाच हवं. ब्रिज बेस ऑनलाइनवर आपल्या बोलीचा ॲलर्ट (खास अर्थ असल्याची सूचना) आपणच द्यायचा असतो.

किलवर_सत्ती
टीमऐवजी पेअर्स (जिथे किती जोड्यांपेक्षा सरस ठरलात एवढंच मोजतात) असते तर? आणि इस्पिकचा एक्का नसता तर?

पाच_तीन_फिट
टीममध्ये व्हल्नरेबल गेम झाला आणि समोरच्या टेबलवर तो बोललाच गेला नाही, तर ६२० विरुद्ध १७०, फरक ४५०, म्हणजे १० इम्प (टीम सामन्यातले गुण). गेम एका हाताने बुडाला आणि तिकडे ३ इस्पिक बरोबर झालं, तर १०० आणि १४० मिळून २४०, म्हणजे ६ इम्प. मिळवायचे १०, गमवायचे ६, म्हणजे सोळात सहा, साधारण ३८ टक्के शक्यता असली की गेम बोलायचा. पेअर्समध्ये हा आकडा ५० च्या आसपास जातो, तिथे ३ चौकटवर थांबणं इतकं महाग पडत नाही. तरी या पत्त्यांवर मी तिथेही २ बदामच म्हणेन.

एक्क्याच्या जागी दुर्री असेल तर १३ गुण उरतात. मग २ इस्पिक. तीन चांगली पानं आणि एकटं बदाम असताना एवढा आधार द्यायलाच हवा. २ चौकट म्हणून इस्पिक लपवू नका.