‘पलायनपट’ म्हणावं का? बंदिवासावरच्या चित्रपटांसाठी शब्द हवा आहे

पानगळ :
आमच्या चित्रपट मंडळात तुरुंगातून, छावण्यांतून, गुलामीतून बाहेर पडणाऱ्या माणसांचे चित्रपट दाखवायचे ठरलेत. माहितीपत्रक मराठीत काढायचंय. युद्धपट, भयपट, चरित्रपट म्हणतो तसं याला ‘पलायनपट’ म्हणावं असं एकाने सुचवलं. शब्द सुटसुटीत आहे, पण मला टोचतोय. आणि सुटका, मुक्तता, मुक्ती यांतला फरकही कोणी उलगडून सांगेल का?

कोकणकडा :
टोचणारच. मराठीत पलायन होतं ते रणांगणातून, नाहीतर जबाबदारीतून. दुसऱ्या बाजीरावाला ‘पळपुटा’ हे विशेषण चिकटलं ते आजही निघालेलं नाही. याउलट १६६६ साली महाराज औरंगजेबाच्या पहाऱ्यातून निघून आले, त्याला आपण ‘आग्र्याहून सुटका’ म्हणतो. त्यांना कोणी सोडलं नव्हतं. बेत त्यांचा, धोका त्यांनी पत्करलेला, तरी शब्द सुटका! ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीवरून समुद्रात झेप घेतली आणि किनाऱ्यावर लगेच पकडले गेले. प्रयत्न फसला, तरी ती ‘मार्सेलिसची उडी’च राहिली. पलायन म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही.

वर्तमानपत्रांत ‘कैद्याचे पलायन’, ‘आरोपी फरार’ छापून येतं खरं, पण ती पोलीस ठाण्याची भाषा. बातमी भिंतीच्या बाहेर उभं राहून लिहिलेली असते. तुम्ही दाखवणार ते चित्रपट कोठडीच्या आतून बघतात. म्हणून पत्रकात पलायन नकोच.

दीपस्तंभ :
बोलण्यातले शब्द का नकोत? निसटणे, गुंगारा देणे, हातावर तुरी देणे, पोबारा करणे. पोबारा तर सोंगट्यांच्या डावातल्या ‘पौबारा’ दानावरून आलाय.

पण यांतल्या बऱ्याच शब्दांत पहारेकऱ्याची फजिती आहे, ते जपून वापरावेत. ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) घ्या. स्टालाग लुफ्ट ३ या जर्मन छावणीतल्या युद्धबंद्यांनी तीन भुयारं खणली, त्यांना टॉम, डिक आणि हॅरी अशी नावं दिली, आणि खणलेली माती विजारीत लपवलेल्या पिशव्यांतून थोडी थोडी बाहेर सांडली. इथवर तुरी दिल्या म्हणा हवं तर. पण मार्च १९४४ मध्ये ७६ जण बाहेर पडले, त्यांतले ७३ पुन्हा पकडले गेले आणि ५० जणांना गोळ्या घातल्या गेल्या. हे वाचल्यावर ‘तुरी’ लिहिवत नाही.

कोकणकडा :
अगदी खरं. मला वाटतं नामापेक्षा क्रियापदाकडे बघावं. मराठीत सुटला, निसटला, सोडवला, सोडला ही चार वेगळी माणसं आहेत. कर्ता कोण, ते क्रियापदच सांगून टाकतं.

निसटला म्हणजे काय ते बघायचं तर रोबेर ब्रेसाँचा १९५६ चा चित्रपट बघा. लिआँच्या माँल्युक तुरुंगातून १९४३ साली आंद्रे देविन्यी हा कैदी निसटला, त्यावर तो आहे. चित्रीकरणही थोडं त्याच तुरुंगात झालं. फ्रेंच नावाचा अर्थच ‘मृत्युदंड झालेला एक कैदी निसटला’. शेवट नावातच सांगितलाय, तरी श्वास रोखून बघतो आपण. तो चमच्याचं टोक फरशीवर घासून धारदार करतो, दाराच्या फळ्यांमधल्या सांध्यात ते घालून खरवडतो, पडलेला भुसा गोळा करतो. पलंगाच्या तारा आणि चादरीच्या पट्ट्या पिळून दोर वळतो. चित्रपटभर हाताचं काम चाललेलं दिसतं. ऐन वेळी कोठडीत एक पोरगा आणून टाकतात, आणि त्याला मारायचं की बरोबर न्यायचं हे ठरवावं लागतं. ‘निसटणे’ या शब्दात एवढा धीर मावतो हे मला तो बघून कळलं.

पानगळ :
मग ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ (२०१३)? आमच्या यादीत तो आहे. तिथे निसटला म्हणता येणार नाही.

कोकणकडा :
नाही, तिथे सोडवला. सॉलोमन नॉर्थप हा न्यू यॉर्क राज्यातला स्वतंत्र माणूस. १८४१ मध्ये त्याला फसवून पळवलं आणि लुइझियानात गुलाम म्हणून विकलं. एका सुताराने त्याच्यासाठी पत्रं लिहिली, तेव्हा कुठे १८५३ मध्ये कायद्याने त्याला सोडवून आणलं. मुक्तीचा मुद्दा इथेच येतो. गाडी निघते तेव्हा त्याच्याबरोबरची गुलाम पॅट्सी मागे मळ्यावरच उरते. सुटका सॉलोमनची झाली, मुक्ती कोणाचीच नाही. ‘गोवा मुक्ती’, ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम’ म्हणतो तेव्हा आपल्याला सगळा मुलूख अभिप्रेत असतो. मुक्तता मात्र कोर्टाची, ‘निर्दोष मुक्तता’.

पत्रकात ‘दास्य’ लिहू नका, ‘गुलामगिरी’ लिहा. जोतीरावांनी १८७३ मध्ये हाच शब्द पुस्तकाला दिला आणि ते पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. या चित्रपटाशी इतका सख्खा मराठी शब्द दुसरा नाही.

दीपस्तंभ :
यादीत शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) घेतलाय ना? लेखन गदिमांचं, आणि मूळ आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचं. औंध संस्थानाने तिथे कैद्यांची बिनभिंतींची वसाहत वसवली होती. चित्रपटातल्या सहा खुन्यांना पळून जायला रान मोकळं असतं, तरी जेलरच्या डोळ्यांचा धाक आणि विश्वास त्यांना परत आणतो. इथे चारांतलं एकही क्रियापद लागू होत नाही. हे कैदी ‘मोकळे’ होतात, मनाने. शेजारची आजी ‘रडून मोकळी हो गं’ म्हणते, त्यातलं मोकळं.

पानगळ :
छान! पत्रकाचं नाव ‘बंदिवास आणि सुटका’ ठेवतो, आणि प्रत्येक चित्रपटाच्या टिपणात त्याचं त्याचं क्रियापद. कारागृह की तुरुंग?

दीपस्तंभ :
तुरुंग. कारागृह दारावरच्या पाटीवर असतं, माणूस तुरुंगात जातो. शब्द पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आलाय, पण आता आपलाच. फक्त ‘ग्रेट एस्केप’च्या टिपणात तुरुंग नको, तिथे ‘छावणी’ लिहा आणि कैद्यांना ‘युद्धबंदी’.