क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) वेग जास्त येतोय, म्हणजे प्रेशर जास्त आहे का? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा मदत हवीये. .308 विंचेस्टर रायफलसाठी हँडलोडिंग करतोय, म्हणजे काडतुसं स्वतः भरतोय, 168 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) मॅच गोळी. लोडिंग मॅन्युअलमध्ये या पावडरच्या मॅक्सिमम लोडला साधारण 2700 फूट/सेकंद वेग दिलाय आणि तोही 24 इंची टेस्ट बॅरलमधला, माझी बॅरल 20 इंची, तरी मॅक्सच्या एक ग्रेन खालीच मला 2700 च्या आसपास दिसतंय. खरं तर वेग कमी यायला हवा ना? प्राइमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटे नाहीत, बोल्ट लोण्यासारखा उघडतो, पुंगळीच्या (काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या) बुडावर इजेक्टरचा ठसा नाही. सोबतचा एकजण म्हणतो जादा प्रेशरच्या खुणा नाहीत ना, मग जा बिनधास्त मॅक्सपर्यंत, फुकटात स्पीड मिळतोय. मला हे फुकटचं प्रकरण काही पटत नाहीये. क्रोनोग्राफ ऑप्टिकल आहे, नळीपासून दहा फुटांवर. नुसत्या वेगावरून प्रेशरचा अंदाज येतो का?

प्रतिसाद:
वर अजिबात जाऊ नका, खाली या. .308 ला सॅमीची (काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) मर्यादा 62,000 पीएसआय आहे आणि प्राइमर चपटा होणं, बोल्ट जड जाणं असल्या खुणा पुष्कळदा ती ओलांडल्यावरच दिसतात. तीच गोळी तीच पावडर असेल तर जादा वेग जादा प्रेशरशिवाय सहसा येत नाही. बॅरल आखूड झाली की इंचामागे ढोबळ 20-25 फूट/सेकंद जातात, म्हणजे तुमच्या बॅरलमध्ये मॅक्सलाही 2600-2620 दिसलं तरी भरून पावलं. क्वचित एखादी बॅरल जात्याच जलद असते, पण त्यावर पैज कोण लावणार?
आधी क्रोनोग्राफ पंधरा फुटांवर न्या, नळीच्या तोंडचा धक्का जवळच्या सेन्सरला फसवतो, मग फॅक्टरी काडतुसं मारून बघा, तीही छापील वेगाच्या वर जात असतील तर दोष यंत्राचा. पावडरचा तराजू चेक वेटने (नेमक्या वजनाच्या मापाने) तपासा. आणि पुंगळ्या कुठल्या? लष्करी असतील तर भिंती जाड, आत जागा कमी, तेवढ्याच पावडरला प्रेशर जास्त. गोळी रायफलिंगला (बॅरलमधल्या पिळाच्या खाचांना) टेकत असेल तरी तेच.

प्रतिसाद:
वरचं बरोबर, फक्त जादा वेग म्हणजे जादा प्रेशर हे दोन वेगळ्या पावडरींच्या तुलनेला लावू नका. वेग हा प्रेशरच्या आलेखाखालच्या सगळ्या क्षेत्रफळातून येतो, शिखर किती उंच गेलं ते त्यात दिसत नाही, त्यामुळे सावकाश जळणारी पावडर तोच वेग कमी शिखरावर देऊ शकते. खरं मोजायचं तर चेंबरवर स्ट्रेन गेज (धातूचा ताण मोजणारा सेन्सर). आणि काडतुसं उन्हात तापली असतील तर आकडा तसाही वर जातो.

धागाकर्ता:
पुंगळ्या लष्करीच आहेत. आतली जागा घरी मोजता येते का?

प्रतिसाद:
येते. उडवलेली पुंगळी, रिसाइझ न करता (साच्यात दाबून मूळ मापावर न आणता), जुना प्राइमर तसाच ठेवून आधी रिकामी तोला, मग तोंडापर्यंत पाणी भरून तोला, बुडबुडा राहू देऊ नका. फरक ग्रेनमध्ये लिहा आणि मॅन्युअलवाल्यांनी ज्या कंपनीची पुंगळी वापरलीये तिचाही तसाच काढा. तोवर मॅन्युअलमधल्या स्टार्टिंग (सर्वांत कमी) लोडपासून परत चढा.