मदत हवी आहे: रेकॉर्ड लॉक गेले, पण साठ्याची शिल्लक चुकतेय

मंडळी, इंदूरहून लिहितोय. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात जुनी एएस/४०० (आयबीएमचा व्यावसायिक संगणक) आहे. नाव आता आयबीएम आय झालंय, पण आमच्यासाठी ती अजून ‘चारशे’च. आरपीजी, म्हणजे तिच्यावरची प्रोग्रामिंगची भाषा, बघणारा मी एकटा.

साठ्याची फाइल अपडेटसाठी उघडलेली असते, म्हणजे वाचलेला रेकॉर्ड (एका मालाची नोंद) लॉक होतो आणि दुसऱ्याला बदलता येत नाही. ऑर्डर लावणाऱ्या काकू एखादा माल स्क्रीनवर आणतात आणि पोहे खायला जातात. तिकडे डिस्पॅचची स्क्रीन अडकते, मिनिटभराने १२१८ एरर, म्हणजे रेकॉर्ड लॉक आहे. डीएसपीआरसीडीएलसीके (लॉक कोणाचा ते दाखवणारी कमांड) चालवलं की लॉक काकूंच्याच जॉबचा, म्हणजे त्यांच्या चालू कामाचा. त्यांना बोलायची माझी छाती नाही.

म्हणून चेनला, म्हणजे रेकॉर्ड वाचणाऱ्या सूचनेला, (एन) लावलं, की लॉक न करता वाच. मग अपडेटवर १२२१ एरर, आधी रेकॉर्ड वाचलाच नाही म्हणे. शेवटी अपडेटच्या तोंडाशी पुन्हा साधी (लॉक घेणारी) चेन केली आणि स्क्रीनवरून काढलेली शिल्लक फील्डमध्ये भरली. अडकणं थांबलं. पण काल मोजणी झाली. ४० पेट्या होत्या, डिस्पॅचने १० काढल्या, काकूंनी ५. चारशे म्हणते ३५, गोदामात २५!

आणखी एक. दिवसभर चालणारा जॉब लॉग फाइलमध्ये नोंदी लिहितो, पण शेवटच्या काही नोंदी जॉब बंद होईपर्यंत दिसतच नाहीत. हाही लॉकच का?

प्रतिसाद १
दुसरी चेन बरोबर आहे, चूक तिच्यानंतर आहे. काकूंच्या स्क्रीनवर ४० तेव्हाचे, डिस्पॅचच्या आधीचे. तू त्यातून ५ वजा करून ३५ लिहिलेस आणि डिस्पॅचच्या १० पेट्या पुसल्यास. लॉक घेऊन वाचलेला आकडा ३० आहे, वजाबाकी त्यातून कर. भाव, पत्ता अशा फील्डना वजाबाकी नसते. तिथे पहिल्यांदा वाचलेली किंमत जपून ठेव, दुसऱ्या चेननंतर ताडून बघ. बदलली असेल तर अपडेट न करता अनलॉक कर आणि ‘रेकॉर्ड बदलला, पुन्हा पाहा’ दाखव.

फाइलचा वेटआरसीडी (लॉक सुटायची वाट किती पाहायची ते) बहुधा मूळचा ६० सेकंदच असेल, म्हणून ते मिनिट. तो कमी करून काकू काही लवकर परतणार नाहीत.

प्रतिसाद २
लॉगचं दुखणं वेगळं, ते ब्लॉकिंग. फाइल नुसती आउटपुटला उघडली की आरपीजी नोंदी बफरमध्ये साठवतं आणि गठ्ठ्याने फाइलमध्ये टाकतं. तोवर इतरांना त्या दिसत नाहीत. एफ-स्पेकवर (प्रोग्राममध्ये फाइल जाहीर करायची ओळ) ब्लॉक(*नो) लिही. कोडला हात लावायचा नसेल तर ओव्हीआरडीबीएफमध्ये (फाइलची सेटिंग बाहेरून बदलणारी कमांड) एसईक्यूओएनएलवाय(*नो) दे, तेही ब्लॉकिंग बंद करतं. लिखाण थोडं हळू होईल. साठ्याच्या फाइलला हे करू नकोस, अपडेटच्या फाइलला ब्लॉकिंग नसतंच.

धागाकर्ता
वजाबाकी बदलली. टेस्ट लायब्ररीत दोन स्क्रीन उघडून तोच खेळ केला, २५ आले. लॉगला ओव्हीआरडीबीएफ लावलं, नोंदी लगेच दिसतायत. भावाच्या स्क्रीनवर ‘पुन्हा पाहा’ आल्यावर काकूंनी भरलेला भाव तसाच ठेवू का, की नवा दाखवून परत भरायला लावू? परत भरायला लावलं तर ओरडा मलाच बसणार आहे.