मदत हवी आहे: स्टॉप बटण एनसी, मग लॅडरमध्ये एनओ का?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आंबा पल्पच्या युनिटमध्ये मेंटेनन्सला आहे. आयटीआय वायरमन, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) जेवढं येतं तेवढं पॅनेलसमोर उभं राहून शिकलेलं.

सीझन तोंडावर आलाय म्हणून कन्व्हेअरचा प्रोग्रॅम बघत होतो. स्टॉप बटणाचं वायरिंग एनसी (नॉर्मली क्लोज्ड, न दाबता जोडलेलं). म्हणजे न दाबता पीएलसीच्या इनपुटला २४ व्होल्ट, त्या इनपुटचा दिवा पेटलेला. पण लॅडरमध्ये (पीएलसीचा शिडीसारखा काढलेला प्रोग्रॅम) त्याच बटणाला एनओचं (नॉर्मली ओपन, न दाबता तुटलेलं) चिन्ह! आधीच्या माणसाची चूक समजून मी ते एनसी करून टाकलं. पट्ट्यावर माल नव्हता हे नशीब. स्टार्ट दाबलं, मोटर ढिम्म. वैतागून स्टॉप दाबून धरलं आणि स्टार्ट दाबलं, तर पट्टा सुरू. स्टॉप सोडलं की बंद. शिकाऊ पोरं फिदीफिदी हसत होती.

परत होतं तसं केलं, चाललं. पण का, ते कळलं नाही. साहेब म्हणतात, बटणच एनओ बसवा आणि चिन्ह एनसी ठेवा, वाचायला सोपं. चालेल का? आणि पोरांना कसं समजावू? लॅडरच्या ओळीला इंग्रजीत रंग (rung, शिडीची पायरी) म्हणतात म्हटलं, तर एकाने विचारलं, कुठला?

उत्तर १
दादा, बटण बदलू नका. बटणावरचं एनओ-एनसी वेगळं, लॅडरमधलं वेगळं. लॅडरमधलं चिन्ह हा नुसता प्रश्न असतो. एनओ विचारतं, 'इनपुटचा दिवा पेटलाय का?' एनसी विचारतं, 'विझलाय का?' उत्तर हो आलं की पुढे वाट मोकळी. तुमचा दिवा न दाबता पेटलेला, म्हणून एनओच बरोबर. रिलेवर (कॉइलने चालणारा स्विच) हात बसलेल्या इलेक्ट्रिशियनना वाचता यावं म्हणून लॅडरला रिलेच्या ड्रॉइंगचं रूप दिलं, नावंही तीच ठेवली. त्याचा त्रास आपण काढतोय.

बटण एनओ असेल आणि वायर तुटली तर? इनपुट आधीही ०, तुटल्यावरही ०. कुणाला पत्ता लागणार नाही, हात अडकल्यावर स्टॉप दाबाल तेव्हाच कळेल. एनसीमध्ये वायर सुटली की पट्टा आपोआप थांबतो. खाऱ्या हवेत आपल्याकडे टर्मिनलं कशी होतात ते तुम्हाला मी काय सांगायचं.

इमर्जन्सी स्टॉप मात्र लॅडरच्या भरवशावर ठेवू नका. तो थेट कॉन्टॅक्टरच्या (मोटरला सप्लाय देणारा मोठा स्विच) कॉइलचा सप्लाय तोडणारा हवा.

मूळ प्रश्नकर्ता
दिव्याचा प्रश्न पोरांना एका झटक्यात पटला. मग साहेबांसमोर पट्टा चालू असताना स्टॉपची वायर टर्मिनलमधून काढली. पट्टा जागच्या जागी थांबला. साहेब काही बोलले नाहीत, बटण तेच राहिलं.

पण वायरचं टोक अगदी हिरवं पडलेलं निघालं. कापून नवीन लग मारला. तुम्ही लोक पावसाआधी टर्मिनलला काय लावता?