मदत हवी आहे : परदेशातील अनाथाश्रमात सेवेसाठी जायचे आहे, व्हिसा कोणता काढावा?

घाटंजीकर
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवतो. येत्या एप्रिलमध्ये परदेशातील एका अनाथाश्रमात सेवेसाठी जाण्याचे ठरले असून पेरणीच्या आत परतणे मला भाग आहे. पाळकसाहेबांचा आशीर्वाद आहे, घरच्यांची संमती आहे, पासपोर्टही हातात आहे. घोडे अडले आहे ते फक्त व्हिसापाशी. एजंट दर फेरीला नवा कागद मागतो आणि रक्कम वाढवतो. व्हिसा कोणता आणि लस कोणती, एवढेच कृपया सांगावे.

वरुडकर
आपण देशाचे नावच लिहिलेले नाही. आमच्या तरुण संघाबरोबर मी नेपाळला गेलो होतो, म्हणून तेथील सांगतो. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालते, आधार कार्डावर मात्र विसंबू नये. जपायचे ते निराळ्याच गोष्टीला. तेथील २०१७ च्या फौजदारी संहितेनुसार धर्मांतर घडवणे हा गुन्हा असून त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. तेथील बंधूंनी आम्हाला बायबलच्या प्रती बॅगेतून बाहेरसुद्धा काढू दिल्या नव्हत्या.

अचलपूर_तालुका
देश कोणताही असो, इतक्या दूर जाण्याचे प्रयोजन मला कळत नाही. आमच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळले, बाप म्हणून स्वतःचे नाव दिले, आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिकिटाचा पैसा तेथे द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाटंजीकर
वझ्झर मी पाहिलेले आहे आणि प्रश्न तो नाही. देश केनिया आहे, किसुमू शहराजवळचे गाव आहे. ‘तुम्ही ईटीए काढून या, बाकीचे आम्ही पाहतो,’ असे संस्थेने कळवले आहे. एजंट मात्र व्हिसाच काढावा लागेल म्हणतो. यांतले खरे कोणते?

नैरोबीत_होतो
ईटीएचे खरे. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाची पद्धत बंद करून ही ऑनलाइन परवानगी सुरू केली, आणि सरकारी संकेतस्थळावर ती आपली आपल्याला भरता येते. एजंटाला त्यासाठी एक पैसाही देऊ नका. परंतु ती फिरायला येणाऱ्यांसाठी आहे. तेथे बिनपगारी कामालाही वेगळा परवाना लागतो. धर्मादाय व धार्मिक कामासाठी ‘आय’ वर्गाचा, किंवा थोड्या मुदतीसाठी स्पेशल पास. त्यासाठीची खटपट तुम्हाला बोलावणाऱ्या संस्थेने करायची असते. तेव्हा ‘बाकीचे आम्ही पाहतो’ म्हणजे नेमके काय, हे आधी विचारा. संस्था नोंदणीकृत आहे का? आपण तेथे काय करणार? त्यांनी पैसे मागितले आहेत का?

घाटंजीकर
मुलांना इंग्रजी व गणित शिकवायचे आणि त्यांच्यातच राहायचे. शुल्क मागितले आहे, ते संचालकांच्या स्वतःच्या खात्यात भरायचे आहे. नोंदणीचा कागद मी मागितलेला नाही. देवाच्या कामात कोणी पावत्या तपासत बसत नाही.

बालगृहात_नोकरी
नेमक्या देवाच्या कामातच तपासाव्यात. आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्याने प्रत्येक बालगृहाला नोंदणी सक्तीची आहे, आणि अनोळखी माणूस मुक्कामाला येतो म्हणाला तर आमच्या अधीक्षकबाई त्याला फाटकातूनच परत पाठवतील. केनियाने नव्या बालगृहांची नोंदणी २०१७ मध्येच थांबवली आणि २०२२ मध्ये मुलांना संस्थांतून कुटुंबांत परत नेण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. जगभरच्या अनाथाश्रमांतील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. घरात दारिद्र्य असते, म्हणून त्यांना तेथे ठेवलेले असते. पाहुणे पैसे घेऊन येतात असे दिसले की काही ठिकाणी पाहुण्यांना दाखवायला म्हणून मुले गोळा केली जातात. त्यामुळेच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ च्या ठरावात अशा स्वयंसेवेच्या धोक्यांचा उल्लेख केला. आमच्याकडे एक लहान मुलगा प्रत्येक नव्या पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसे आणि तो माणूस निघाला की दोन दिवस जेवत नसे.

अचलपूर_तालुका
मीही हेच म्हणत होतो.

बालगृहात_नोकरी
आपण तिकिटाच्या पैशांविषयी म्हणत होता. मी सांगितलेले वझ्झरच्या पाहुण्यांनाही लागू आहे.

वरुडकर
सगळ्यांना एकाच मापाने मोजणे बरे नव्हे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या, तेव्हा त्या परवान्यांची वाट पाहत बसल्या असत्या तर त्या मुली जगल्या असत्या का?

बालगृहात_नोकरी
रमाबाईंनी त्या मुलींना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे केले. त्यांच्याजवळ पेरणीच्या आतले परतीचे तिकीट नव्हते.

तिखटपूड
सोबत शेंगदाण्याची चटणी आणि लाल तिखट न्यावे. तिकडचे जेवण अळणी लागते.

घाटंजीकर
तिकडच्या जेवणाविषयी मी विचारलेले नाही. नोंदणीचा दाखला आणि कामाचा परवाना या दोन्ही गोष्टी मी संस्थेकडे आज लेखी मागितल्या आहेत. मुलांबरोबर न राहता तेथील शिक्षकांना मदत करता येईल का, हेही विचारले आहे, आणि उत्तर येईपर्यंत शुल्क भरणार नाही. पण लसीचे अजून कोणीच सांगितलेले नाही.

नैरोबीत_होतो
पीतज्वराची लस घ्या. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी ती टोचलेली असावी लागते आणि तिचा दाखला आता आयुष्यभर चालतो. केनियातून परतताना भारतीय विमानतळावर तो दाखला दाखवता आला नाही, तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पेरणी तेथेच हुकेल. ही लस केवळ सरकारमान्य केंद्रांत मिळते आणि एका कुपीत अनेकांचे डोस असतात. कुपी एकदा उघडली की ती काही तासांतच संपवावी लागते, म्हणून केंद्रे ठरावीक वारीच आणि आधी नाव नोंदवलेल्यांनाच बोलावतात. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी असल्यामुळे तेथे मलेरियाही पुष्कळ आहे. त्याच्या गोळ्या निघण्यापूर्वीच सुरू कराव्या लागतात, तेव्हा त्याच खेपेला त्याही लिहून घ्या. मात्र संस्थेचे उत्तर येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नका.